हजेरीचा शर्ट

नोकरीच्या मुलाखतीत अण्णांनी मला एकच प्रश्न विचारला होता. "इंग्रजी व्हिडिओ ऐकून कळतंय का?"

मी नुकतीच बी.ए. झाले होते. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजचं तोंड कुणी पाहिलेलं नव्हतं. नातेपुत्याहून निघताना वडिलांनी माझी प्रमाणपत्रं आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, ती पिशवी कापडी पिशवीत घातली आणि वर दोरी बांधून दिली. ती मांडीवर घट्ट धरून मी सोलापुरातल्या त्या कारखान्याच्या ऑफिसात बसले होते. मालकांनी प्रमाणपत्रं चाळली, मान हलवली आणि कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "काम ह्यांच्याबरोबर करायचंय. हे हो म्हणाले तर उद्यापासून या."

कोपऱ्यात एक वाळक्या अंगाचा माणूस उभा होता. हेच अण्णा. अंगात बारीक चौकड्यांचा शर्ट, गळ्यात शिंप्यासारखी टेप. न्हाऊ घातलेलं पोर पुसावं तसा तो टॉवेलच्या तुकड्यानं एक कॅमेरा पुसत होता.

"थोडं थोडं कळतं," मी म्हणाले.

"चांगलं हाय. सगळं कळतं म्हणणारे खोटं बोलत्यात. या उद्यापास्नं."

त्या दिवसापासून त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. "ओ ग्रॅज्युएट" म्हणायचे. पहिले काही दिवस मला ती टिंगल वाटली. पुढे लक्षात आलं की बाहेरच्या कुणाशी माझी ओळख करून देतानाही ते अगदी गंभीरपणे "ह्या आमच्या ग्रॅज्युएट" म्हणतात. डॉक्टरला डॉक्टर म्हणावं तसं. घरी फोनवर हे सांगितलं तर वडिलांनी मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "त्यांना माझा नमस्कार सांग."

आमचा कारखाना टॉवेल, चादरी आणि भिंतीवर लावायच्या विणलेल्या तसबिरी करायचा. नव्या नमुन्याचा फोटो अण्णा काढायचे आणि मी त्याचं माप, रंग, सूत लिहून गिऱ्हाईकाला पाठवायची. पण माझ्या पदवीचा खरा उपयोग जेवणानंतर सुरू व्हायचा. अण्णा कॉम्प्युटरवर कुठल्या तरी परदेशी माणसाचा व्हिडिओ लावायचे. तो माणूस कॅमेरे खोलून त्यातल्या सेन्सरबद्दल बोलायचा आणि मी मधे मधे थांबवून ते मराठीत सांगायची. सेन्सर म्हणजे पूर्वी जिथं फिल्म असायची, तिथं आता बसवलेली चकचकीत पट्टी. चित्र तिच्यावरच उमटतं. ती मोठी असली की एक, लहान असली की दुसरं, आणि दर वर्षी तिच्यात काही तरी नवं येतं. एवढं मला त्या व्हिडिओंवरून कळलं. बाकीचं अण्णांनी सांगितलं.

"सेन्सर म्हंजे पन्हा ओ. कापडाची रुंदी. मोबाईलचा सेन्सर म्हंजे हातरुमाल. आपल्या कॅमेऱ्याचा म्हंजे शिंगल चादर. आन् ह्यो जो फुल फ्रेम म्हंतोय न्हवं, ती डबल चादर. हातरुमालात दोन भाकरी बांधाल. डबल चादरीत सगळं बिऱ्हाड बसतंय."

"मग आपण डबल घ्यायचा का?"

"थांबा की. पुढच्या दिवाळीला अजून नवा निघणार हाय."

हे थांबणं हाच अण्णांचा धर्म होता. त्यांचा कॅमेरा मी येण्याआधीपासूनचा. त्याच्या मुठीवरचं रबर सुटून आलेलं होतं आणि त्यावर अण्णांनी चादरीच्या किनारीची पट्टी चिकटवली होती. तो बदलायचा विचार ते रोज करायचे. अधूनमधून सायकल काढून नवी पेठेतल्या कॅमेऱ्याच्या दुकानात जायचे, नवा कॅमेरा हातात घ्यायचे, डोळ्याला लावायचे, शटरचा आवाज कान देऊन ऐकायचे आणि परत ठेवायचे. एकदा मीही बरोबर होते. दुकानदारानं त्यांना पाहिलं आणि आधी चहा सांगितला.

"अण्णा, बघायला आलाय का घ्यायला?"

"बघितल्याबिगर कोण घेतंय?"

"तुमी बघाय लागला तवा माझी पोरगी शाळेत जात होती. आता तिची पोरगी जाती."

"मग नातीच्या लग्नाला फोटो काढाय येतो की. तवर चांगला कॅमेरा निघंल."

घरी मात्र हा थांबण्याचा धर्म चालत नसे. तिथं अक्कांचं राज्य होतं. अक्का म्हणजे अण्णांच्या पत्नी. कारखान्याच्या मागच्याच गल्लीत घर. अण्णा डबा घरी विसरायचे आणि अक्का तो घेऊन यायच्या. मला वाटतं, हा विसराळूपणा ठरलेलाच होता. आल्या की त्या आधी नवऱ्याच्या शर्टाकडे पाहायच्या, कॉलर सरळ करायच्या आणि मग डबा टेबलावर ठेवायच्या. अण्णांचे शर्ट सगळे एकाच जातीचे, बारीक चौकड्यांचे. ते अक्काच घ्यायच्या आणि स्वतः कडक इस्त्री करायच्या. दोघं एकमेकांशी तेलुगूत बोलायची, पण रागावायचं असलं की अक्का मराठीत बोलायच्या, म्हणजे आम्हालाही कळावं.

अण्णांची आणखी एक सवय होती, आणि तिच्यासाठीच मी हे लिहायला घेतलं. कुठल्याही नमुन्याचा पहिला फोटो ते स्वतः नमुन्याशेजारी उभे राहून काढून घ्यायचे. बटण मी दाबायची. डावा हात कापडावर, उजवा पोटावर, चेहरा न्यायाधीशासारखा. ह्याला ते हजेरीचा फोटो म्हणायचे. "कापडाशेजारी माणूस पायजे. न्हायतर टॉवेल हाय का चादर हाय, बघणाऱ्याला कसं कळणार?" मापं तर आम्ही लिहूनच पाठवत होतो, पण हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. दुसऱ्या फोटोपासून नुसतं कापड. गिऱ्हाईकाला तेच जायचे. हजेरीचे फोटो कुणी उघडूनही पाहत नसे. ते कॉम्प्युटरमध्ये नुसते साठत राहिले. सगळ्यांत तोच शर्ट आणि तोच चेहरा, फक्त केस मागे मागे सरकत गेलेले.

मग एका हॉटेलवाल्यांची चौकशी आली. त्यांना खोल्यांसाठी विणलेल्या तसबिरी हव्या होत्या, बारीक सुताच्या, हातमागावरच्या. पण त्यांचं म्हणणं, फोटो मोठा करून पाहिला तर धागा दिसला पाहिजे. आमच्या जुन्या कॅमेऱ्याचा फोटो मोठा केला की धागा दिसायचा नाही, कापडावर मऊ साय धरल्यासारखं दिसायचं. मालकांनी अण्णांना बोलावून विचारलं, "आता तरी घ्यायचा का दिवाळीची वाट बघायची?"

अण्णा एकटेच नवी पेठेत गेले. परत आले ते सायकल हातात धरून चालत. कॅमेऱ्याला दणका बसू नये म्हणून सायकलवर बसले नव्हते. फुल फ्रेम. डबल चादर. त्यांनी तो कोऱ्या टॉवेलवर ठेवला, हात धुऊन आले आणि नुसते पाहत बसले. त्या दिवशी डबा आला तरी उघडला नाही.

हॉटेलच्या नमुन्याचं काम नरसय्यांकडे होतं. आमच्याकडे पॉवरलूम खूप होते, हातमाग एकच उरला होता, आणि तो नरसय्या चालवायचे. ते आणि अण्णा एकाच गल्लीत वाढलेले. नरसय्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, पण हात तसाच होता. ही ऑर्डर मिळाली तर त्यांच्या मागाला कैक महिन्यांचं काम होतं. नाही मिळाली तर माग उचलून त्या जागी पॉवरलूम बसवायचा, असं मालक उघडच बोलले होते.

तसबीर सुंदर झाली होती. मागची जमीन राखाडी, तिच्यावर बदकांची रांग. अण्णांनी ती भिंतीला लावली, शेजारी उभे राहिले, मी नव्या कॅमेऱ्यानं हजेरीचा फोटो काढला. मग त्यांनी कॅमेरा घेतला आणि नुसत्या कापडाचे फोटो काढले. त्यातला एक मी पडद्यावर मोठा केला.

धागा न् धागा दिसत होता. आणि त्या राखाडी जमिनीवर, पाण्यावर रॉकेल सांडल्यावर दिसतात तशा, जांभळ्या-हिरव्या लहरी पसरल्या होत्या.

अण्णा पडद्याजवळ वाकले. मग हळूच म्हणाले, "इणताना सुताचा ताण ढिला पडला."

त्यांनी नरसय्यांना बोलावलं. आम्ही तिघंही तसबिरीपुढे उभे राहिलो. कापडावर काहीच नव्हतं. अण्णांनी हात फिरवला, बोटांच्या टोकांनी धागे चाचपले, उजेडात तिरकं धरून पाहिलं. विणकराच्या घरात जन्मलेला माणूस. कापडातली चूक त्यांची बोटं अंधारातही सांगायची. पण इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली तो कॅमेरा टेबलावर होता, आणि त्याच्यापुढे त्यांनी आपल्या बोटांचं ऐकलं नाही.

"आपल्या डोळ्याला दिसंना म्हणून काय झालं? ह्यो लई मोठा सेन्सर हाय. ह्याला दिसतंय."

"कुटं हाय लहर?" नरसय्या म्हणाले.

"बदकाच्या मानंजवळ बघ. हितं."

नरसय्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तेवढ्यात मालक आले. त्यांनी पडदा पाहिला, कापड पाहिलं, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "आहे थोडं." मग पॉवरलूमवरचा एक जण डोकावला, त्यालाही दिसलं. थोड्या वेळानं मलासुद्धा बदकाच्या मानेजवळ काही तरी असल्यासारखं वाटू लागलं.

"असंल बी," नरसय्या शेवटी म्हणाले. "एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालंय. दुसऱ्याचा भरवसा न्हाय राह्यला." आणि ते मागापाशी जाऊन बसले. आडवं सूत नेणारा धोटा हातात घेतला नाही. नुसते बसले.

मालक म्हणाले, "अण्णा, असला नमुना पाठवता येणार नाही. जेवून येतो, मग त्या हातमागाचं काय ते ठरवून टाकू. फोटो तेवढे सगळे एका जागी काढून ठेवा."

हे काम माझं होतं. एकेक फोटो उघडून मी बाजूला ठेवत होते. अण्णा खिडकीशी माझ्याकडे पाठ करून उभे होते. मित्राचं काम आपल्याच तोंडानं गेलं हे त्यांना कळत होतं आणि तोंडानं बोललेलं मागे घेता येत नव्हतं. खरं तेच बोललो, असंच त्यांना वाटत होतं.

अक्का डबा घेऊन आल्या. अण्णा वळेनात म्हणून त्यांनी माझ्या पडद्याकडे पाहिलं. हजेरीचा फोटो उघडलेला होता.

"हे काय?" त्या मराठीतच बोलल्या, म्हणजे राग आला होता. "शर्टाला काय सांडलं तुमच्या?"

अण्णांनी मागे वळून पाहिलंच नाही. "काय न्हाय सांडलं."

"मग हे जांभळं-हिरवं काय हाय? सकाळी इस्त्री करून दिला मी. बाहीवर बघा की. सगळी बाही रंगलीया."

मी पाहिलं. फोटोत अण्णा नेहमीसारखे उभे होते, डावा हात कापडावर, उजवा पोटावर. आणि त्यांच्या बाहीवरच्या बारीक चौकड्यांवर, खांद्यापासून मनगटापर्यंत, त्याच जांभळ्या-हिरव्या लहरी होत्या. मी खुर्चीवरून उठून अण्णांच्या बाहीकडे पाहिलं. बाही स्वच्छ होती.

"अण्णा," मी म्हणाले, "इकडं या. लवकर या."

ते आले. पडद्याकडे पाहिलं. स्वतःच्या बाहीकडे पाहिलं. पुन्हा पडद्याकडे पाहिलं. मी तोवर नरसय्यांना हाक मारली होती. ते हळूहळू आले, चष्मा नाकावर ठीक केला आणि फोटो नीट पाहिला.

"अण्णा," ते म्हणाले, "ह्यो शर्ट बी माझ्याच मागावर इणला व्हय?"

पहिल्यांदा अक्का हसल्या. मग मला हसू आलं ते थांबेना. अण्णा हसले नाहीत. ते घाईनं शर्टाची बटणं काढायला लागले.

"अवो, काय करताय?" अक्का म्हणाल्या.

"नमुना हाय," अण्णा म्हणाले.

बनियनवर उभं राहून त्यांनी शर्ट खिळ्याला अडकवला आणि नव्या कॅमेऱ्यानं त्याचा फोटो घेतला. लहरी होत्या. दोन पावलं पुढे जाऊन घेतला. लहरी नाहीशा झाल्या. मागे गेले, पुन्हा आल्या. मग त्यांनी कपाटातून जुना कॅमेरा काढला आणि त्याच जागेवरून आधी शर्टाचा आणि मग तसबिरीचा फोटो घेतला. दोन्हींवर काही नव्हतं. तीच मऊ साय, आणि बदकं रांगेत शांत.

मालक जेवून आले तेव्हा अण्णा बनियनवर होते, गळ्यात टेप होती, आणि ते स्वतःच्या शर्टाचा फोटो काढत होते.

"अण्णा, हे काय चाललंय?"

"मालक, माग चांगला हाय," अण्णा म्हणाले. "कॅमेरा खोटं बोलतोय."

मालकांना पटवायला फार वेळ लागला नाही. शर्ट सगळ्यांसमोर लटकत होता. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "अरे, मला तर दिसल्या होत्या रे लहरी." पॉवरलूमवाला तोवर दारातून गायब झाला होता.

अण्णांनी नरसय्यांची माफी मागितली का, हे मला बरेच जण विचारतात. तसल्या शब्दांत नाही. ते तसेच बनियनवर मागापाशी गेले, धोटा उचलला आणि दोन्ही हातांनी नरसय्यांपुढे धरला.

"आदी च्या सांगा," नरसय्या म्हणाले. "आन् शर्ट घाला. थंडी वाजंल."

चहा आला. माग सुरू झाला. तो आवाज रोजच कानावर पडायचा, पण त्या दुपारी मी काम थांबवून तो ऐकला. छातीवरची एखादी जड पेटी कुणी तरी उचलून बाजूला ठेवावी तसं वाटलं. अक्का डब्यातली कडक भाकरी मोडून सगळ्यांना वाटत होत्या.

लहरी कशानं आल्या हे मी नंतर व्हिडिओ ऐकून शोधलं. कापडात बारीक रेघा असतात आणि सेन्सरवरही बारीक ठिपक्यांच्या रेघा असतात. दोन्ही एकमेकींवर पडल्या की मधेच तिसरंच काही तरी दिसायला लागतं. जुन्या कॅमेऱ्यात चित्र किंचित मऊ करणारी एक पातळ काच होती, म्हणून त्यात हे होत नसे. नव्यात फोटो धारदार यावा म्हणून ती काच काढून टाकली होती. मी हे सांगितलं तेव्हा अण्णा म्हणाले, "म्हंजे मच्छरदाणीचे दोन पदर एकावर एक धरल्यावर दिसतंय तसं. मग एवढं इंग्रजीत कशाला बोलतोय त्यो?"

हॉटेलवाल्यांना आम्ही तसबिरीचा पूर्ण फोटो जुन्या कॅमेऱ्यानं काढून पाठवला आणि धागा दाखवायला नव्यानं अगदी जवळून घेतलेला एक. ऑर्डर आली. पुढे दोन्ही कॅमेरे कामात राहिले. कापडाला म्हातारा आणि माणसांना नवा, असं अण्णांनी वाटून दिलं होतं. नवा सेन्सर निघाला की ते अजूनही व्हिडिओ लावायचे, पण नवी पेठेत आता रिकाम्या हातानं जात नसत. तो शर्ट पिशवीत घालून न्यायचे. दुकानदार गिऱ्हाइकांसमोर म्हणायचा, "थांबा जरा, आधी शर्टाला बघू द्या."

गुडघे दुखायला लागले तेव्हा अण्णांनी काम सोडलं. जाताना त्यांनी मला कॅमेरे दिले नाहीत, ते कारखान्याचेच होते. त्यांनी मला वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो शर्ट दिला. घडी घातलेला, इस्त्री केलेला. कोपरावर विरला होता.

"ओ ग्रॅज्युएट," ते म्हणाले, "फोटोवर विश्वास ठेवायच्या आदी ह्याला हुबा करा."

गेल्या महिन्यात म्हाताऱ्या कॅमेऱ्याचं बटण कायमचं बसलं. आता कापडासाठी कोणता घ्यायचा, हा प्रश्न माझ्या गळ्यात पडला. मी अण्णांसारखेच व्हिडिओ ऐकले. आताच्या सेन्सरवर ते बारीक ठिपके इतके दाट बसवलेले असतात की लहरींना जागाच उरत नाही, असं एक जण सांगत होता. दुसरा म्हणत होता, उरते. मला रात्री झोप लागेना. कारण भिंतीला नरसय्यांचा नवा नमुना लागायचा होता, पुन्हा राखाडी जमीन, या वेळी टिटव्या. माग तोच आणि नरसय्याही तेच. दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालंय त्यांचं.

दुकानदारानं चाचणीसाठी कॅमेरा दिला. मी शर्टावरून इस्त्री फिरवली, तसबिरीशेजारी अडकवला आणि फोटो काढला. दोन पावलं पुढे जाऊन काढला, मागे जाऊन काढला. नरसय्या मागे येऊन उभे राहिले होते. मी कापडाकडे पाहिलंच नाही. आधी बाही मोठी केली. चौकडी जिथल्या तिथं होती. खांद्यापासून मनगटापर्यंत.

"काय म्हंतोय शर्ट?" नरसय्यांनी विचारलं.

"गप आहे," मी म्हणाले.

"गपच राहू दे त्याला," असं म्हणून ते मागावर जाऊन बसले.

मग मी अण्णांना फोन केला. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "दिवाळीपर्यंत थांबला असता तर..."

"थांबले नाही अण्णा. घेतला."

"बरं केलं." मग म्हणाले, "नरसय्याला सांगितलं न्हवं? त्याला आदी सांगायचं."

"त्यांनाच आधी सांगितलं."

पलीकडून त्यांचा सुटलेला श्वास मला ऐकू आला. आणि त्यांच्या मागून, मराठीत, अक्कांचा आवाज. "इस्त्री केली होती का न्हाय शर्टाला, ते विचारा आदी."

"केली होती, अक्का," मी मोठ्यानं म्हणाले.